बादली छान करून ठेव

हर्षाचं मराठी म्हणजे जबलपूरच्या कांचघर वस्तीतल्या त्या घराची एक जुनी गंमत होती. समजायचं तिला सगळं. बोलायची वेळ आली की मात्र हिंदी क्रियापदाला मराठी शेपूट जोडून ती मोकळी व्हायची. 'मावशी, कपडे निचोडून टाक', 'बाबा, ताला लावला का', 'मी जरा झपकी घेऊन राहिली'. तिच्या आजोबांनी कारखान्याच्या नोकरीसाठी भंडारा जिल्हा सोडला, तेव्हापासून घरातलं मराठी असंच जबलपूरच्या पाण्यात भिजत आलं होतं. वडील अश्वजीत त्याच संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याही तोंडी हीच मिसळ, त्यामुळे कोणाला काही खटकायचं कारण नव्हतं.

खटकलं ते मालनबाईला. मालनबाई ही हर्षाच्या वारलेल्या आईची थोरली बहीण. ती भंडाऱ्याकडच्या पवनीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली आणि डोळा बरा झाल्यावरही राहिली, कारण बापलेकीच्या स्वयंपाकघराची तऱ्हा पाहून तिला परत जाववेना. हिंदी तिने भाजीवाल्यापुरतं शिकून घेतलं होतं. त्यापलीकडच्या हिंदीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

आल्या आल्या तिची नजर मागच्या अंगणातल्या बादल्यांवर गेली. पत्र्याच्या आडोशाला ओळीने प्लास्टिकच्या बादल्या, प्रत्येकीत पाणी, पाण्यात दगड आणि वर सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, उग्र वास. शेजारच्या बेबीने तर लोणच्याचा धंदा काढला का, असंही विचारून घेतलं होतं. मालनबाई आठवडाभर गप्प राहिली, मग तिला राहवेना.

"पोरी, दगड काहून भिजवून राहिली? शिजणार हाय का तो?"

शिजणार नव्हता, पण विरघळणार होता. हर्षा एका सरकारी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायची. पद 'अतिथी विद्वान' असं भारदस्त, म्हणजे पाहुणा. पाहुण्याला जसं यंदा या म्हणतात आणि पुढच्या वर्षी विसरतात, तशी ती नोकरी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धड नळ नव्हता, म्हणून तिने प्रयोगशाळा घराच्या अंगणात आणली होती. हिमाचलातल्या स्पीतीच्या खोऱ्यातून तिने चुनखडकाचे तुकडे पोत्यात भरून आणले होते. पन्नास कोटी वर्षांपूर्वी ते समुद्राच्या तळाशी होते. सौम्य आम्लात चुना हळूहळू विरतो, आणि ज्या जिवांची कवचं चुन्याची नाहीत ती बादलीच्या तळाला गाळात उरतात. तो गाळ बारीक जाळीतून काढायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण निवडायचा. तांदूळ निवडण्याचंच काम, फक्त यात खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे, असं तिने मावशीला सांगितलं. मालनबाईने त्यावर हातातली परात बाजूला ठेवून तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

पण हर्षा शोधत होती ते साधंसुधं नव्हतं. त्या काळच्या दगडांत प्राण्यांची जवळपास सगळी मोठी घराणी हजर आहेत. एक घराणं मात्र हटकून उशिरा येतं, ते ब्रायोझोआंचं. हे प्राणी एकेकटे राहतच नाहीत. एक अळी कुठेतरी चिकटते आणि स्वतःभोवती मोहरीहून लहान खोली बांधते. त्या खोलीच्या कुशीतून दुसरी खोली फुटते, दुसरीतून तिसरी, आणि बघता बघता शेकडो खोल्यांची वसाहत उभी राहते. सगळे एकाच अळीचे, सगळे आतून जोडलेले. काहींना तर धड तोंडही नसतं. ते नुसते राखण करतात आणि शेजारी त्यांना पोसतात. हे ऐकून अश्वजीत म्हणाले होते की ही तर आपली फॅक्टरीची कॉलनीच झाली, सिक्युरिटीवाले वेगळे आणि कँटीनवाले वेगळे. त्यानंतर ते ही गोष्ट येईल त्याला सांगत सुटले.

तर पहिल्याच खेपेला हर्षाला अर्ध्या तिळाएवढा एक तुकडा मिळाला होता. त्यावर ओळीने नेटक्या खोल्या होत्या. ते ब्रायोझोआ ठरलं, तर त्या घराण्याचा जन्म कितीतरी मागे जाणार होता. तिने नागपूरच्या परिषदेत तो दाखवला. जबलपूरच्या एका हिंदी पेपरात 'जबलपुर की बेटी ने खोजा समुद्र का सबसे पुराना मोहल्ला' असा मथळा आला. विहाराच्या कमिटीच्या भय्यासाहेबांनी लगेच पुढच्या एका रविवारचा सत्कार ठरवून टाकला. आणि खरी गोष्ट म्हणजे लखनौच्या एका संशोधन संस्थेत कायमच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. या तुकड्यावर तिने लिहिलेला निबंध छापायला स्वीकारला गेला, तर ती जागा तिचीच होती. इतकी वर्षं पाहुणी म्हणून शिकवून झाल्यावर तिला ती जागा किती हवी होती, हे घरात बोलून दाखवायची गरजच नव्हती. अश्वजीतांनी लखनौच्या गाड्या पाहून ठेवल्या होत्या.

मध्ये अडत होती एकच गोष्ट. निबंध तपासणाऱ्यांनी विचारलं होतं की या खोल्या एकमेकींतून फुटल्या आहेत हे कशावरून? परदेशातल्या अशाच एका जीवाश्मावर वाद झाला होता. कोणी त्याला प्राण्यांची वसाहत म्हणालं, कोणी म्हणालं की हे तर शेवाळ आहे, खोल्या नुसत्या दिसायला. तेव्हा वसाहतीतली पहिली खोली दाखवा, नाहीतर फुटलेला तुकडा दाखवा, ज्यात आतली रचना दिसेल. मागणी रास्त होती. हर्षाकडे त्या थराचा थोडासा दगड उरला होता. स्पीतीतली ती जागा मधल्या काळात दरड कोसळून गाडली गेली होती, म्हणून तिने तो उरलेला सगळा दगड शेवटच्या बादलीत घातला. बाकीच्या बादल्या एव्हाना रिकाम्या झाल्या होत्या. जे काही निघायचं ते या एका बादलीतून.

दगड पूर्ण विरला, त्या दिवशी महाविद्यालयात परीक्षा होती आणि हर्षाच्या गळ्यात दोन्ही पाळ्यांची देखरेख पडली. गाळ आम्लात जास्त वेळ राहिला तर नाजूक कवचंही खराब होतात. जाळी बादलीच्या वरच खिळ्याला टांगलेली होती. तिने वर्गाबाहेर येऊन घाईघाईने घरी फोन लावला आणि म्हणाली, "मावशी, ती शेवटची बादली छान करून ठेव ना. मला उशीर होईल."

हिंदीत छानना म्हणजे गाळणं. हर्षाने आपल्या सवयीप्रमाणे त्याला शेपूट जोडलं होतं, इतकंच. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला पवनीची बाई होती.

संध्याकाळ व्हायच्या आत हर्षा परतली, तेव्हा बादली पायरीवर पालथी घातलेली होती. मालनबाईने ती आधी राखेने घासली होती, मग नारळाच्या शेंडीने, मग साबणाने. विकत आणली तेव्हाही ती इतकी चकचकीत नसेल. मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिली.

"झाली ना छान?"

हर्षाला आधी काही कळेना. मग कळलं, आणि ती तिथेच पायरीवर बसली.

"छान म्हणजे छान नाही, मावशी," ती म्हणाली. "छान म्हणजे गाळ."

"गाळच तं टाकला वो मी. कढीपत्त्याच्या बुडाशी टाकला, झाडाले चांगला असते म्हणून."

दुसरा कोणी असता तर हसला असता. हर्षानेही हसायचा प्रयत्न केला, पण आवाज निघाला तो वेगळाच. मग ती नको ते बोलली. माझ्या वस्तूंना हात कशाला लावतेस, समजत नसेल तर विचारता येत नाही का, असं बरंच काही, आणि तेही धड हिंदीत नाही आणि धड मराठीत नाही. काय बिघडलं ते मालनबाईला अश्वजीतांनी रात्रीच्या जेवणाआधी समजावून सांगितलं, आणि ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून कढीपत्त्याचं बूड उकरलं. मालनबाईने नेमकं कुठे ओतलं ते दाखवलं, अश्वजीतांनी तेवढ्या जागेभोवती विटा मांडल्या आणि आतली माती खुरप्याने अलगद काढून परातींत भरली. ती माती धुवायची, जाळीतून काढायची, वाळवायची. मातीत भाजीची देठं, काडेपेटीच्या काड्या, मुंग्यांची अंडी, सगळं आलं. हर्षा महाविद्यालयातून आली की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. रागावल्याची तिला लाज वाटत होती, पण माफी मागायला शब्द शोधावे लागले असते, आणि शब्दांचं काय होतं ते तिने नुकतंच पाहिलं होतं.

मालनबाईने स्वतःला दुसरंच काम लावून घेतलं. ती घडलेलं सगळ्यांना सांगत सुटली. विहारात वंदनेनंतर बायकांना सांगितलं, बेबीला सांगितलं, दूधवाल्यालाही तिच्या तोडक्या हिंदीत सांगितलं की पोरीची इतक्या वर्षांची मेहनत मी झाडाच्या बुडाशी ओतली. लोक समजूत घालायचे, चुकून झालं म्हणायचे. तिला समजूत नकोच होती. तिला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कोणी तयार नव्हतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी हर्षाला ते सापडलं. तसे तुकडे तिला या मातीत आधीही चार-दोन मिळाले होते, पण सगळे वरच्या बाजूचे, पहिल्या तुकड्यासारखेच नेटक्या खोल्यांचे. हा तुकडा मात्र मधोमध उभा चिरला गेला होता आणि आतलं सगळं उघडं पडलं होतं. तिने तो कुंचल्याने वळवला, पुन्हा वळवला, प्रकाश कमीजास्त केला.

खोल्यांना जमीन नव्हती. प्राण्याची खोली खालून बंद असते, तिला स्वतःची भिंत असते, शेजारणीपासून वेगळी. इथे मधोमध एक पोकळ दांडा होता आणि त्यातून चहूबाजूंनी इवल्या पाकळ्या निघाल्या होत्या. वरून पाहिलं की पाकळ्यांच्या मधल्या फटी खोल्यांसारख्या दिसत. कोणी कोणाच्या कुशीतून फुटलं नव्हतं, आत कोणी राहिलं नव्हतं, कोणी कोणाला पोसलं नव्हतं. ते शेवाळ होतं.

ब्रायोझोआ या नावाचा अर्थच मुळी शेवाळासारखे प्राणी असा आहे, आणि हर्षा पहिल्या वर्गाला हे दरवर्षी हसत सांगायची. आता तिला हसू आलं नाही. लखनौ गेलं, एवढंच तिला स्पष्ट कळलं.

तिने प्रणोती मॅडमना फोन केला. प्रणोती मॅडम तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. बाई नागपूरच्या, स्वभावाने सरळ आणि हर्षाचं भलं चिंतणाऱ्या. त्यांनी फोटो मागवले, बराच वेळ पाहिले, आणि मग शांतपणे सांगितलं की घाई करू नकोस. हा तुकडा बागेच्या मातीतून आला आहे. त्या मातीत काय काय मिसळलं असेल याचा नेम नाही, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने तो पुरावा म्हणून कोणी धरणारच नाही. उरलेला गाळ घरी अपघाताने वाया गेला, एवढं एक वाक्य लिही. पहिला तुकडा चांगला आहे. 'बहुधा ब्रायोझोआ' असं मोघम म्हणून निबंध निघून जाईल. यात खोटं काही नाही.

खोटं काही नव्हतंच, हीच तर अडचण होती. गाळ खरोखर वाया गेला होता. तो कोणी टाकला हे गल्लीला ठाऊक होतं, विहाराला ठाऊक होतं, आणि टाकणारी बाई स्वतः दारोदार सांगत फिरत होती. इतकी चोख साक्ष कोर्टातही मिळत नाही. हर्षाने फोन ठेवला आणि आपण तो मार्ग धरणार आहोत असं तिला स्वच्छ वाटलं. थोडा वेळ तिला बरंही वाटलं.

पाणी प्यायला ती आत गेली, तर मालनबाई पलंगावर पिशवी भरत होती. दोन लुगडी, डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटल्या, बाबासाहेबांची छोटी तसबीर. उद्याचा कार्यक्रम झाला की पवनीला जाते, म्हणाली. इथं राहिलं की रोज त्या झाडाकडं पाहणं होते. बोलण्यात रुसवा नव्हता, आणि हर्षाला तेच सहन होईना. आपण या बाईचं काय करायला निघालो होतो, हे तिला त्या पिशवीकडे पाहताना कळलं. ही पवनीला जाईल आणि भाचीचं वाटोळं केलं या समजुतीत उरलेलं आयुष्य काढेल, आणि आपण लखनौला पगार घेऊ.

तिने मावशीला हाताला धरून बाहेर नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. ऑपरेशन झालेला डोळा लाव म्हणाली. मालनबाईला आधी नुसताच पांढरा गोल दिसला, मग हळूहळू तो दांडा आणि पाकळ्या दिसल्या. हर्षाने शब्द जपून वापरत, अडखळत, पण सगळं मराठीत सांगितलं. हे तुझ्या झाडाखाली मिळालं. मी याला प्राण्यांची वसाहत समजत होते. तशी ती नाही. आधीही नव्हती.

मालनबाईने यंत्रावरून डोळा बाजूला घेतला.

"म्हणजे माह्यामुळं काही गेलं नाही?"

"काही नाही गेलं. होतं तेच मिळालं. उलट लवकर मिळालं."

मालनबाईच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंदच होता, निखळ, लहान पोरासारखा. तो पुरता उमटायच्या आत मात्र तिने हर्षाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मंग तुह्यं गेलं वो, बाई," ती म्हणाली.

हर्षाने होकारार्थी मान हलवली. मालनबाईने उठून आतबाहेर पाहिलं, अश्वजीत जवळपास नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"हे कोणाले दाखवलं?"

"मॅडमना. त्या म्हणतात, नाही सांगितलं तरी चालेल. गाळ वाया गेला म्हणायचं."

"मंग तसंच म्हण. मी तं सगळ्याईले सांगून बसली हावो. माह्यावर राहू दे. मी म्हातारी, मले कोण काय करते? तू लखनौले जा."

हर्षाला त्या क्षणी मावशीचा रागही आला, कारण नकार देणं तिने इतकं अवघड करून ठेवलं. हे वाक्य स्वतःहून हातात आयतं ठेवणारी बाई आणि ते उचलायचा झालेला मोह, दोन्ही तिला एकदम दिसले. मोह झाला होता, यात शंकाच नव्हती.

फाटकाची कडी वाजली. भय्यासाहेब आले होते. खुर्च्यांची सोय झाली, शाल ओमतीच्या बाजारातून आणली, पेपरवाल्यालाही सांगून ठेवलं, आता भाषणात त्या प्राण्याचं नाव नीट घ्यायचं तर ते एका कागदावर लिहून पाहिजे होतं. मालनबाई त्यांच्यासमोर घाईने पुढे झाली आणि परत तेच सुरू केलं, की भय्यासाहेब, बाकीचा पुरावा मी टाकला, पोरीकडं कोणी बोट...

"मावशीनं काही टाकलं नाही, भय्यासाहेब," हर्षा म्हणाली. "पुरावा मिळाला. चूक माझीच होती. तो प्राणी नाही, शेवाळ आहे. पेपरात आलं ते चुकीचं आहे, आणि उद्या सत्कार नको."

भय्यासाहेबांना पहिल्यांदा वाटलं की पोर विनय दाखवते आहे. मग त्यांना समजलं. ते खुर्चीवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शालीचं काय करायचं ते कमिटीला विचारावं लागेल, असं काहीसं पुटपुटले. जाताना मात्र फाटकाशी थांबून त्यांनी हर्षाला जय भीम केला, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

ते गेल्यावर हर्षाने दारातच उभं राहून निबंध परत घेत असल्याची मेल लिहिली. तुकडा कुठल्या मातीतून आला तेही लिहिलं, म्हणजे ज्याला शंका घ्यायची असेल त्याने घ्यावी, आणि दोन्ही तुकड्यांचे फोटो जोडले. मेल गेली आणि तिला रडू कोसळलं. मालनबाईने तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अश्वजीत बाजारातून आले तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. ते हातातली पिशवी ठेवून चहा टाकायला आत गेले.

चहा झाल्यावर मालनबाईने विचारलं, "मंग आता नोकरी?"

"जुनीच."

"म्हणजे सोमवारी कॉलेज हाय?"

"आहे."

मालनबाई उठली, पलंगावरची पिशवी उचलून कपाटात ठेवली आणि आतूनच म्हणाली, "मंग सोमवारी डबा लागंल ना तुले. काय करू, ते आत्ताच सांगून ठेव. मराठीत सांग."